शिंगावरचा नंबर

बारामती, २९ नोव्हेंबर १९५७

सौ. सिंधू,

मुद्दाम पाकीट पाठवतोय. कार्ड टाकलं असतं तर तुमच्या सणसरच्या पोस्टमननं आधी स्वतः वाचलं असतं, मग पारावर बसून गावाला वाचून दाखवलं असतं. पाकिटाच्या जोडावर मी पेन्सिलीची बारीक रेघ मारली आहे. ती मोडलेली दिसली तर कुणीतरी उघडलं असं समज, आणि मला कळव.

तुला माहेरी जाऊन नऊ महिने झाले. तू एका पत्राला उत्तर दिलं नाहीस, म्हणून मीही लिहायचं सोडलं होतं. आज लिहितोय ते खुशालीसाठी नाही, कामासाठी.

तुझ्या भावाचा, सोपानरावांचा, अर्ज आमच्या विमा कंपनीत आलाय. त्यांच्या जोडीतला उजवा बैल, ज्याचा विमा ऑगस्टात मी माझ्या हातानं उतरवला, तो सोमवारी पहाटे मेला. कारण लिहिलंय, उसाचं वाढं जास्त खाल्लं आणि पोट फुगलं. बरं, मेला तर मेला, बैल आहे, मरायचाच. पण पुढची ओळ अशी की त्याच दिवशी सकाळी मीठ घालून तो पुरला. आता मला सांग, मेलेलं जनावर मी येईपर्यंत झाकून ठेवायचं, हे मी त्यांना तोंडानं तीनदा सांगितलं होतं. सणसर ते बारामती काही विलायत नाही. मग एवढी घाई कशाची?

तुला माझा धंदा माहीत आहे. बैलवाला दारात उभा राहून गोड बोलायला लागला की मी आधी बैलाच्या तोंडात हात घालतो. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरणा करणारे मी बघितलेत. लंगड्याच्या खुरात मेण भरून त्याला माझ्यासमोर ऐटीत चालवणारेही बघितलेत. जनावर बघायचं, त्याची जोखीम घ्यायची की नाही ते ठरवायचं, आणि कागदावर सही करायची, यासाठी मला पगार मिळतो. माणूस खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तपासून बघायला काय जातं?

तू त्या घरात राहतेस. बैल मेला तेव्हा गोठ्यात कोण होतं, पुरला तो उजवाच होता का, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत दावणीला नवं जनावर आलं का किंवा रात्रीत एखादं गेलं का, एवढं लिहून पाठव. सोपानरावांना दाखवू नकोस. तुझ्या आईला तर मुळीच नको, रंगूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आपल्या छबूचं काही लिहीत नाही. मला निरोप वेळेवर मिळाला असता तर सगळं वेगळं झालं असतं. निरोप घेऊन निघालेल्या त्या बिरदेवानं गाडी हाकता हाकता कुठं झोप काढली ते देव जाणे. पण तो विषय नको.

महिपती

&nbsp;

इंदापूर, ६ डिसेंबर १९५७

सौ. सिंधू,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मीच आलो. आलो ते तू बघितलंस. मीही तुला बघितलं, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होतीस, पदर तोंडाला लावून. वासानं लावलास की मला बघून, ते मला कळलं नाही.

बैल उकरायला मला काही हौस नव्हती. दोन पंच घेऊन आलो, तोही नियम आहे. सोपानरावांनी स्वतः कुदळ घेतली. म्हणाले, "दाजी, उकरतो मी. पर येक ध्यानात ठेवा. चामडं सोलू द्यायचं न्हाय म्हनून पुरला त्याला. धा वर्सं लेकरावानी संबाळलेलं जनावर हाय. त्येच्या कातड्याच्या चपला घालून कुनी माज्याच दारावरनं जावं, ह्ये मला बघवायचं न्हाय." पंचांपैकी एकानं डोळे पुसले. मी पुसले नाहीत. डोळ्यांत पाणी आणून विम्याचे कागद पास करून घेणारे मी कमी बघितले आहेत का?

उजवं शिंग मी ओल्या फडक्यानं तीन वेळा पुसलं. ४१७ हा नंबर मी तापल्या सळईनं त्या शिंगावर डागला होता. आता तिथं काही नव्हतं, शिंग कोरं आणि गुळगुळीत. बैल पांढरा खिलार, तर तालुक्यातले निम्मे बैल पांढरे खिलारच. नंबर हीच एक ओळख होती.

"नंबर कुठं गेला?" मी विचारलं.

"हुता की. पोळ्याच्या वक्ताला..."

"पोळ्याचं सांगू नका. नंबराचं सांगा."

सोपानरावांनी कुदळ टाकली, हात झटकले आणि पंचांना म्हणाले, "ल्हिवा तुमाला काय ल्हिवायचं त्ये." त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. खरा माणूस असा गप्प बसतो का? खरा माणूस आकाशपाताळ एक करतो.

मला जे दिसतं ते लिहितो. विम्याचा चांगला बैल त्यानं दूर कुठंतरी विकला, त्याच्या जागी एक मरतुकडं जनावर आणून बांधलं, ते मेलं, आणि मी यायच्या आत पुरून टाकलं. तुला माहीत असूनही तू लपवत असशील तर तो गुन्हा होतो. नवरा म्हणून नाही, कंपनीचा माणूस म्हणून सांगतोय.

तुझ्या हातात बांगड्या दिसल्या नाहीत. का ते कळव.

महिपती

&nbsp;

बारामती, १३ डिसेंबर १९५७

सिंधू,

तुझं कार्ड मिळालं. कार्डच का? पोस्टमननं वाचावं म्हणून?

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर असूनही प्रत्येक शब्द लागला. "ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही. बैलाचं एवढं विचारता. छबूचं कधी विचारलं नाहीत, फक्त लिहून घेतलंत." बस्स. खाली नाव नाही, तारीख नाही.

मी हे कार्ड चार वेळा वाचलं. पहिल्या वाक्याचा अर्थ मी असा लावला की सोपानरावांनी काहीतरी कबूल केलंय आणि ते मला ऐकवायचं तुझ्या जिवावर आलंय.

रिपोर्ट मात्र गेला. मी लिहिलं, "बैल बदलून कंपनीची फसवणूक." पुण्याहून बापूसाहेबांनी, म्हणजे आमच्या वरच्या साहेबांनी, शाबासकीचं पत्र धाडलं. गाव तुमच्या सासुरवाडीचं असूनही तुम्ही हयगय केली नाहीत, असं लिहिलंय. आता इंदापूरला फौजदारी होईल. तुझा भाऊ तुरुंगात गेला तर शेत तुम्ही दोघी बायका कशा कसणार, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पण सही माझी आहे, ती खोटी कशी करू?

विकलेला बैल सापडतो का बघायला रविवारी इंदापूरच्या बाजारात गेलो होतो. साठेक पांढऱ्या बैलांची शिंगं चोळून बघितली. एकानं ढुशी मारली, बरगडीला अजून ठणका आहे. लोक हसत होते. एक जण ओरडला, "सायेब, नवरी बगायला आलाय का बैल?" मी दात ओठ खात तिथून निघालो.

एक गोष्ट मला खटकते, ती तुलाच सांगतो. ऑगस्टात मी सणसरला आलो तेव्हा विमा काढायला एकही माणूस पुढं येत नव्हता. सोपानराव पुढं झाले. "आमच्या दाजीचा पयला कागद माज्या बैलाचा," म्हणाले, आणि मागून सातआठ घरं आली. तू तेव्हा आतून बाहेर आली नाहीस. ज्याला फसवायचं असतं तो सगळ्यांच्या आधी, चव्हाट्यावर, स्वतःच्या मेव्हण्याकडून कागद का करेल? किंवा मुद्दाम तसंच करेल, कुणाला संशय येऊ नये म्हणून. दोन्ही खरं वाटतं. रात्री झोप येत नाही.

महिपती

&nbsp;

बारामती, २० डिसेंबर १९५७

सिंधू,

काल मी सणसरला येऊन गेलो. तुमच्या दारावरून गेलो नाही, ओढ्याच्या वाटेनं आलो.

सोपानरावांच्या मागून ज्यांनी विमा काढला, त्यांचे बैल तपासायला आलो होतो. म्हटलं, एकानं केलं तर दुसऱ्यानंही केलं असेल. पहिलं घर संभाजीचं. शिंग कोरं. दुसरं मानसिंगाचं. कोरं. तिसरं, चौथं, सगळी कोरी. सात घरं, सात बैल, एकाच्याही शिंगावर नंबर नाही! मला वाटलं अख्खं गाव सामील आहे, सात बैल विकले, सात बदलले, आणि सगळे मिळून माझ्याकडं बघून गालात हसतायत. ओढ्याकाठी बसून मी सात नावांची यादी केली, फौजदारीला द्यायची म्हणून. तू हसशील. हस.

आठवं घर द्वारकाबाईंचं. त्यांच्या बैलाच्या शिंगावर ४२२ ठळक, काळाकुट्ट, माझ्याच सळईचा. मला म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. म्हटलं, "आजी, साऱ्या गावात तुम्ही एकट्याच प्रामाणिक निघालात."

म्हातारीनं डोळे बारीक केले. "मी आन परामानिक? त्ये कसं काय?"

मी शिंगं कोरी असल्याचं सांगितलं. म्हातारी पोट धरून हसायला लागली. सुनेला हाक मारली, "आगं ये, बाहीर ये! जावईबापू काय म्हन्त्यात ऐक!" मग मला म्हणाली, "आवं बापू, तुमी कदी पोळा बगितला न्हाय व्हय? भादव्यात पोळ्याला बैलांची शिंगं साळत्यात. काचंनं तासून तासून लख्ख करायची, मग हिंगूळ, मग बेगड. तुमचा नंबर तासाच्या भुग्यासंगं उकिरड्यात ग्येला की."

"मग तुमच्या बैलाचा कसा राहिला?"

तिचं हसू थांबलं. "आमचं मालक जेठात ग्येलं. औंदा आमच्यात सण न्हाय. शिंगाला हात लावला न्हाय कुनी."

सिंधू, मी बारामतीच्या कोर्टातल्या कारकुनाचा पोरगा. आमच्या घरी बैल कधी नव्हता. पोळ्याला रस्त्यावरून रंगवलेली शिंगं जाताना बघायचो आणि मला वाटायचं वरून रंग लावतात, एवढंच. खाली तासतात हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सोपानराव सांगायला लागले तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं केलं. आणि आणखी एक कबूल करतो, जे अजून कुणाला ठाऊक नाही. बैलाच्या मागच्या पुठ्ठ्यावर डागलं तर कातडं खराब होतं, म्हणून शिंगावर डागा, ही अक्कल बापूसाहेबांची नाही. माझी. मीच त्यांना लिहून कळवली होती आणि त्यांनी माझी पाठ थोपटली होती.

येताना द्वारकाबाईंच्या घराकडं मागं वळून बघितलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरानं वर्षभर बैलाचं शिंगसुद्धा चमकवलं नाही. आपल्या घरात लेकरू गेलं तेव्हा मी काय केलं? तिसऱ्या दिवशी वही घेऊन तुझ्यासमोर बसलो. ताप कधी आला, किती वाजता, वैद्याला कधी बोलावलं, तेव्हा कोण हजर होतं, शेवटचं दूध कधी पाजलं. तू भिंतीकडं बघून एकेक सांगत होतीस आणि मी लिहीत होतो. शेवटी मी तो कागद तुझ्यापुढं सरकवला आणि खाली तुझी सही घेतली. चौदा महिन्यांच्या पोरीच्या मरणावर. क्लेमच्या कागदावर घेतात तशी.

तू त्याच संध्याकाळी निघून गेलीस. मी म्हणत राहिलो की बाई रागीट आहे.

महिपती

&nbsp;

बारामती, २८ डिसेंबर १९५७

सिंधू,

मी बापूसाहेबांना सगळं कळवलं, असं तुला लिहिणार होतो. ते खोटं झालं असतं. वीस तारखेला पत्र लिहून तयार होतं आणि पाच दिवस खिशात फिरत होतं. रोज पोस्टापर्यंत जायचो आणि पेटीशी उभा राहून परत यायचो. नोकरी जाणार हे दिसत होतं. पंचवीस तारखेला टाकलं.

काल बापूसाहेब स्वतः पुण्याहून आले. दार लावून घेतलं. म्हणाले, "महिपतराव, शिंगावर डागायची शिफारस तुमच्या सहीची आहे. हे बाहेर गेलं तर तीन तालुक्यांतली सगळी कागदपत्रं रद्दीत जातील. तुम्ही गप्प बसा. तुमचा मेव्हणा काही फासावर जात नाही, सहा महिने आत जाईल."

मी म्हटलं, "तो खरा आहे."

"असेल. पण तुम्ही लिहिलंत खोटा म्हणून. आता तेच खरं."

हे वाक्य मी ओळखलं, सिंधू. हेच मी घरी करत आलोय. मी लिहून ठेवलं म्हणजे ते खरं.

राजीनामा तिथंच लिहून दिला. आज सकाळी इंदापूरला जाऊन फौजदार साहेबांपुढं माझा जबाब दिला, द्वारकाबाईंना साक्षीला नेलं होतं. म्हातारीनं साहेबासमोर शिंगं कशी साळतात ते हातानं करून दाखवलं आणि वर विचारलं, "तुमच्यात बी पोळा नसतो व्हय?" साहेब हसले. सोपानरावांवरचं बालंट गेलं. कागद निघायला चार दिवस लागतील, पण गेलं.

द्वारकाबाईंनी एस.टी.त मला विचारलं, "सिंदूला कदी न्यायचं?" मी तिकिटाचे सुटे पैसे मोजायला लागलो. तर म्हणाली, "तिची आई बी तिला टोचून बोलती. म्हन्ती, येळंवर वैद बोलावला आस्ता तर पोरगी जगली आस्ती. जावयानंच सांगितलं म्हन्ती." मला खिडकीतून उडी टाकावीशी वाटली. रंगूबाईंना ते मीच सांगितलं होतं, मार्चात, तू गेलीस त्याच रात्री, तू तोंड उघडायच्या आधी पत्र टाकून. तुझ्या चुलत्यालाही. आमच्या चंद्राकाकूलाही. माझी बाजू आधी पोचावी म्हणून.

महिपती

&nbsp;

बारामती, २ जानेवारी १९५८

सिंधू,

आज जे लिहितोय ते लिहायला सकाळपासून बसलोय. चार कागद फाडले.

निरोप मला मिळाला होता.

बिरदेवानं गाडी थांबवली नाही, वाटेत झोपला नाही, काही नाही. त्या दिवशी मी निमगावला बैल पास करत होतो. दुपारी बाराच्या सुमाराला तो मला गाठून म्हणाला, "सायेब, बाईंनी सांगितलंय, पोरीचा ताप उतरंना, जसं आसाल तसं या." घामानं निथळत होता. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, हिची युक्ती आहे. आदल्या महिन्यात तू असाच निरोप धाडला होतास, मी धावत आलो तर छबू अंगणात खेळत होती आणि तू म्हणाली होतीस, "सकाळी लई ताप होता, आता उतरला." तेव्हाच मी मनात धरलं होतं की हिला मला घरी बोलवायला काहीतरी निमित्त लागतं. म्हणून बिरदेवाला म्हटलं, "येतो सांग." आणि आणखी चार बैल बघितले. त्यांचे दात बघितले, चाल बघितली, शिंगं डागली. संध्याकाळची एस.टी. गेली. दुसऱ्या दिवशी आलो.

तू वैद्याला वेळेवर बोलावलं होतंस. तुझ्या सहीच्या त्या कागदावर सगळं आहे, सकाळी सात, मग अकरा, मग परत चार. मी तो वाचला तेव्हाच मला कळलं होतं की तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं. म्हणूनच मी सगळीकडं उलटं सांगत सुटलो. बिरदेवाला खोटारडा म्हणालो, त्या गरिबानं चारचौघांत मान खाली घातली आणि माझ्यासमोर बोलला नाही. तू तर मला काही विचारलंच नाहीस. तू विचारलं असतंस, निरोप मिळाला होता का, तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे, आणि मला वाटतं तुलाही माहीत होतं.

मी जन्मभर लोकांच्या बैलांच्या तोंडात हात घातला. मला माफ कर असं लिहायला माझा हात धजत नाही. तू करू नयेस असंही वाटतं, आणि करावंस असंही.

रविवारी मी सणसरला येतोय. बिरदेवाला बरोबर आणणार आहे, तो यायला तयार झालाय. तुझ्या चुलत्यांना बोलवायला सोपानरावांना वेगळं कार्ड टाकलंय, उघडं, पोस्टमननं वाचलं तर वाचू दे. तुमच्या ओसरीवर बसेन. आधी बैल सोपानरावांचाच होता ते सांगेन, मग बिरदेवाची माफी मागेन, आणि मग तुझ्या आईसमोर, सगळ्यांच्या देखत, सांगेन की छबू तुझ्या हयगयीनं गेली नाही. कुणाच्या हयगयीनं गेली तेही सांगेन.

तुला घरी न्यायला येत नाहीये. तू बाहेर येऊन बसायची गरज नाही, आतच राहा, दार लावून घेतलंस तरी चालेल. मी मोठ्यानं बोलेन, आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

महिपती